वाचकांचे प्रश्न : मक्याचं इथेनॉल, पऱ्हाटीचा कोळसा आणि पर्यावरणाचा हिशेब

जैवइंधनाचे पर्यावरणावर काय परिणाम होतात आणि ते मोजायचे कसे, याबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. हिशेबात जिथे ‘धरा’ म्हटलं आहे तिथे आपल्या शेताचे, आपल्या प्रकल्पाचे आकडे घालावेत. पद्धत तीच राहते.

प्रश्न : आमच्या भागात कपाशी कमी होऊन रब्बी मका वाढला. व्यापारी सांगतो, माल इथेनॉलला जातो. मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वच्छ असतं म्हणतात, ते नेमकं किती? शेतकऱ्याला पडताळून बघता येईल असा हिशेब द्या.
– एक शेतकरी, अमळनेर

उत्तर : इथेनॉल जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड मक्यानं त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो उत्सर्जनात मोजत नाहीत. इथवर बरोबर आहे. पण पुष्कळ जण हिशेब इथेच मिटवतात आणि खत, पाण्याचा उपसा व कारखान्यातली वाफ या तीन मोठ्या रकमा मांडायच्या राहून जातात.

एक एकर रब्बी मका धरा, उतारा २८ क्विंटल. टनाला ३८० लिटर या प्रमाणानं त्यातून सुमारे १,०६४ लिटर इथेनॉल निघतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे एक लिटर इथेनॉल साधारण ०.६६ लिटर पेट्रोल वाचवतं. तेवढ्या पेट्रोलचं, खनिज तेल उपसण्यापासून इंजिनात जळेपर्यंतचं उत्सर्जन सुमारे २ किलो कार्बन डायऑक्साइड भरतं. आपल्या इथेनॉलचा आकडा या २ किलोच्या खाली राहायला हवा.

आधी खत. एकरी ६० किलो नत्र दिलं असं धरा. आयपीसीसी या हवामानबदलाचा अभ्यास मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या ढोबळ दरानं दिलेल्या नत्रातला १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत जातो. म्हणजे ०.६ किलो नत्र, वायूच्या वजनात ०.९४ किलो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, म्हणून एकरी २५७ किलो आणि लिटरमागे २४० ग्रॅम. ते ६० किलो नत्र म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास तीन गोण्या. युरिया जमिनीत फुटताना त्यातलाही कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो लिटरमागे ९० ग्रॅम.

मग पाणी. रब्बीत पाऊस जवळपास नसतोच, त्यामुळे ५०० मिलिमीटर गरज धरली तर एकराला २० लाख लिटर पाणी द्यावं लागतं. ते २०० फुटांवरून, म्हणजे ६० मीटरवरून उपसायचं आणि मोटर-पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरायची, तर सुमारे ८२५ युनिट वीज जाते. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. युनिटला ०.७ किलो धरलं तर एकरी ५७८ किलो, लिटरमागे ५४० ग्रॅम. खतापेक्षा बोअरची मोटर जास्त कार्बन सोडते, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

शेवटी कारखाना. पीठ शिजवणं, ऊर्ध्वपातन आणि चोथा वाळवणं मिळून लिटरमागे ४ किलो वाफ धरा. कोळशाच्या बॉयलरला त्यासाठी सुमारे ८५० ग्रॅम देशी कोळसा लागतो. त्याचं उत्सर्जन १.३५ किलो.

बेरीज २.२२ किलो. पेट्रोलच्या पुढे गेली! पण हा सगळा भार एकट्या इथेनॉलवर टाकणं न्यायाचं नाही. टनभर मक्यातून सुमारे ३०० किलो वाळलेला चोथा निघतो, डीडीजीएस म्हणतात तो, आणि तो पशुखाद्यात जातो. त्याच्या नावावर एक-तृतीयांश भार टाकला तर इथेनॉलकडे १.४८ किलो उरतात. म्हणजे पेट्रोलच्या तुलनेत बचत जेमतेम पाव हिश्शाची.

आता तोच मका गिरणेच्या किंवा हतनूरच्या पाटाच्या पाण्यावर आला आणि कारखान्याचा बॉयलर कोळशाऐवजी भुसा किंवा बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालला असं धरा. उपसा आणि कोळसा या दोन्ही रकमा गळतात, उरतात ३३० ग्रॅम. चोथ्याचा वाटा वजा जाता २२० ग्रॅम. बचत नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. युरिया कारखान्यात बनतानाचं उत्सर्जन, ट्रॅक्टर-थ्रेशरचं डिझेल आणि वाहतूक वरच्या दोन्ही हिशेबांत धरलेली नाही, ती धरली की दोन्ही आकडे थोडे वर सरकतात. पण फरकाचं मुख्य कारण बदलत नाही. ‘मक्याचं इथेनॉल चांगलं की वाईट’ हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या पाण्याचं आणि कोणत्या बॉयलरचं, हे आधी विचारलं पाहिजे.

पाण्याची खतावणी वेगळी ठेवा. वरच्या हिशेबात एका लिटर इथेनॉलमागे शेतात सुमारे १,९०० लिटर पाणी जातं. उसाच्या बाबतीत नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात हा आकडा सुमारे २,८६० लिटर आहे. सौर पंप बसवला की कार्बनची रक्कम खाली येते, पण मोटर दिवसभर फुकट चालते म्हणून बोअर आणखी खोल जाऊ शकतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यानं हा अतिउपसा पुरता भोगलेला आहे. ठिबक आणि नत्राचे तीन हप्ते यांनी मात्र पाणी आणि नायट्रस ऑक्साइड दोन्हींत बचत होते. ओल्या रानात एकदम सगळा युरिया फेकणं ही या वायूसाठी सगळ्यात पोषक स्थिती आहे.

मक्यानं काय हटवलं, हेही लिहून ठेवा. कपाशी हटली तर फवारण्या घटतात, हा फायदा. ज्वारी हटली तर कडबा गेला आणि जनावरांसाठी चारा विकत आणावा लागला. उडीद-मूग हटले तर जमिनीला फुकट मिळणारं नत्र गेलं. आणि मका पेट्रोलच्या टाकीकडे वळला की नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना दाणा दुसरीकडून आणावा लागतो. तो जिथून येईल तिथे कुठली जमीन नांगराखाली गेली, हा हिशेब आपल्या शिवाराबाहेरचा असला तरी खोटा नाही. चोथा पोल्ट्रीला परत मिळतो खरा, पण एक धोका आहे. मका ओला साठवल्यानं बुरशी येऊन ॲफ्लाटॉक्सिन तयार झालं असेल तर ते गाळपात नष्ट होत नाही. स्टार्च निघून जातो आणि विष चोथ्यात सुमारे तिपटीनं घट्ट होतं. म्हणून मका १४ टक्के ओलाव्याच्या आत वाळवूनच विकावा.

प्रश्न : आमच्या गावाजवळ मळीवर चालणारी डिस्टिलरी आहे. पावसाळ्यानंतर दोन विहिरींचं पाणी तांबूस झालं. हे मळीचंच पाणी आहे हे सिद्ध कसं करायचं? कुठल्या तपासण्या करायच्या?
– शहादा तालुक्यातील ग्रामस्थ

उत्तर : नुसत्या रंगावर जाऊ नका, पण रंगाकडे दुर्लक्षही करू नका. मळीच्या डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरलेलं काळं सांडपाणी, निघतो. त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅम असतो. घरगुती सांडपाण्याचा असतो दोन-तीनशे. बायोगॅसच्या टाकीतून काढल्यावर बीओडी ८०-९० टक्क्यांनी उतरतो, पण तपकिरी रंग जात नाही, कारण तो देणारे मेलॅनॉइडिन जिवाणूंना सहज पचत नाहीत. पालाश, क्लोराइड आणि सल्फेट हे क्षारही तसेच राहतात. ‘प्रक्रिया केलेलं पाणी’ सोडलं असं कोणी म्हणालं तर या तीन गोष्टींवर बोट ठेवा.

प्रयोगशाळेत पीएच, विद्युत वाहकता, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), सीओडी (घाणीचं रासायनिक माप), क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट आणि पालाश एवढं सांगा. पालाश विसरू नका. तीच खरी खूण आहे. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींत पालाश सहसा लिटरला काही मिलिग्रॅमच असतो, तो चाळीस-पन्नासवर गेला आणि सोबत क्लोराइड व सीओडी चढले असतील तर संशय बळकट होतो. फक्त नायट्रेट वाढलं असेल आणि पालाश जागेवर असेल, तर दोष बहुधा खतांचा किंवा गावातल्या शोषखड्ड्यांचा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा नायट्रेटला ४५ मिलिग्रॅम, टीडीएसला ५०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० आहे.

नमुना एका विहिरीचा घेऊन भागत नाही. डिस्टिलरीच्या वरच्या अंगाची एक विहीर, बाधित दोन्ही, आणि खालच्या अंगाची आणखी एक असे चार नमुने एकाच दिवशी घ्या. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवून साचलेलं पाणी जाऊ द्या. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि २४ तासांच्या आत एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा घेतलेले नमुने शेजारी ठेवले की पाझर कधी वाढतो ते उघड होतं.

तुमचा अहवाल तक्रारीला वजन देतो, पण न्यायालयात चालणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं १९७४च्या जल अधिनियमातल्या कलम २१ प्रमाणे घेतलेलाच लागतो. म्हणून लेखी तक्रारीत ‘आमच्यासमक्ष कलम २१ खाली नमुना घ्यावा’ हे शब्द घालावेत.

गडबड कुठे होते हे माहीत असलं की पाहणीच्या वेळी नेमकं तिथे बघता येतं. स्पेंट वॉश आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर क्षारांचा थर बसतो, धुण्यासाठी तो बंद ठेवावा लागतो आणि तेवढ्या काळात डिस्टिलरी चालूच राहिली तर काळं पाणी लगूनमध्ये, म्हणजे साठवण तळ्यात, साचतं. जूनमध्ये त्यावर पाऊस पडला की काठ ओलांडतो. प्रेसमडवर, म्हणजे साखर कारखान्यातल्या रसाच्या गाळावर, स्पेंट वॉश शिंपडून खत करण्याचं आवार पावसात चालू असेल तर तिथूनही ओघळ निघतात. लगूनच्या तळाचं प्लास्टिक अस्तर सांध्यावर फाटतं, ते वरून दिसत नाही. त्यासाठी भोवती निरीक्षण-बोअर असावे लागतात. ते आहेत का आणि त्यांचे अहवाल कुठे आहेत, हे विचारा.

प्रश्न : तालुक्यात धान्यावर चालणारा, दिवसाला ६० हजार लिटरचा इथेनॉल प्रकल्प येतो आहे. जनसुनावणीत काय विचारावं?
– एक सरपंच, शिरपूर तालुका

उत्तर : आधी जनसुनावणी होणार आहे का ते पाहा. १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे डिस्टिलरीला पर्यावरण मंजुरी लागते आणि जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. पण जून २०२१च्या अधिसूचनेनं केवळ पेट्रोलमिश्रणासाठीच्या, शून्य सांडपाणी विसर्गाच्या धान्य-डिस्टिलऱ्यांना मुदतीपुरतं ‘ब-२’ वर्गात घातलं होतं. त्या वर्गाला जनसुनावणी नाही. ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर प्रकल्पाचा वर्ग, अर्ज आणि मंजुरीपत्र बघता येतं. मंजुरी आधीच मिळाली असेल तर सहामाही अनुपालन अहवाल मागा.

सुनावणी असेल तर मसुदा अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत मिळते. त्यातलं ‘पाण्याचा ताळेबंद’ हे पान आधी उघडा आणि पुढचे आकडे मनाशी ठेवून जा. ६० हजार लिटरला दिवसाला १५८ टन मका लागतो. वर्षातले ३३० दिवस धरले तर ५२ हजार टन, म्हणजे एकरी २८ क्विंटलच्या उताऱ्यानं साडेअठरा हजार एकर. एवढा मका कुठून येणार? दिवसाला दहा टनी सोळा गाड्या येतील आणि सत्तेचाळीस टन चोथा बाहेर जाईल, तो रस्ता कुठला? बॉयलर कोळशाचा असेल तर लिटरमागे ८५० ग्रॅमप्रमाणे दिवसाला ५१ टन कोळसा. देशी कोळशात राख ३५ टक्के धरली तरी रोज अठरा टन राख. ती कुठे टाकणार, पावसात कशी झाकणार? बॉयलर भुशाचा असेल तर भुसा कुठून, आणि तो मिळाला नाही तर पर्यायी इंधन कोणतं? बहुतेक अहवालांत ‘कोळसा अथवा जैविक इंधन’ असं मोघम लिहिलेलं असतं. तो ‘अथवा’ काढून टक्केवारी लिहून घ्या. अमळनेरच्या हिशेबात पाहिलंत, इथेनॉलचा सगळा हिरवेपणा त्या एका शब्दावर अडकलेला आहे.

पाण्याबाबत, प्रक्रियेतलं पाणी फिरवून वापरणाऱ्या धान्य-प्रकल्पाला लिटरमागे ३ ते ५ लिटर ताजं पाणी पुरतं. शेतातल्या पाण्यापुढे हे किरकोळ, पण ते एकाच जागेवरून आणि मे महिन्यातही उचललं जातं. नदीवरून की बोअरवरून, आणि टंचाईत कपात कोणाची आधी, हे इतिवृत्तात नोंदवून घ्या. आणि एक प्रश्न जरूर विचारा : इव्हॅपोरेटर बंद पडला तर गाळप बंद ठेवणार का, आणि किती तासांत?

प्रश्न : पऱ्हाटी पांढऱ्या कोळशाच्या कारखान्याला द्यावी, रोटाव्हेटरनं जमिनीत घालावी, की बांधावर जाळावी? जमिनीला आणि हवेला काय बरं?
– कापूस उत्पादक, धरणगाव

उत्तर : जाळणं सोडून काहीही. बांधावर पेटवलेली पऱ्हाटी धुमसत जळते, धुराचे बारीक कण सगळ्यात जास्त त्यातच निघतात आणि जमिनीला मिळतं ते फक्त राखेतलं थोडं पालाश.

उरलेल्या दोन्हींत हिशेब असा. एकरी ८ ते १२ क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते. तिची उष्णता किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे देशी कोळशाच्या जवळपास बरोबरीची. टनभर ब्रिकेट, म्हणजे कुट्टी दाबून केलेला पांढरा कोळसा, टनभर कोळसा वाचवते, त्याचं उत्सर्जन सुमारे १.६ टन. कुट्टीचं आणि वाहतुकीचं मिळून आठ लिटर डिझेल आणि दाबयंत्राची सत्तर युनिट वीज धरली तरी खर्ची पडतात सत्तर-ऐंशी किलोच. हवेच्या बाजूनं हा सौदा चोख आहे. दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांना कोळशात जैविक पेलेट मिसळणं केंद्राच्या धोरणानं बंधनकारक झाल्यामुळे मागणीही राहणार.

जमिनीच्या बाजूनं तो तितका चोख नाही. वाळलेल्या पऱ्हाटीत ४५ टक्के कार्बन असतो, आणि आपल्या बऱ्याच रानांचा सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. दरवर्षी सगळी पऱ्हाटी उचलली तर तो आणखी उतरतो, जमीन पाणी धरत नाही आणि मग जास्त खत-पाणी लागतं. आमचा सल्ला : एक वर्ष विका, एक वर्ष कुट्टी करून गाडा. विकल्या वर्षी शेणखत चुकवू नका. गाडताना तुकडे दोन-तीन इंचांचे करा आणि कुजायला पुढच्या पेरणीआधी ओल मिळेल असं बघा, कारण लाकडी काडी कुजताना जमिनीतलं नत्र तात्पुरतं ओढून घेते आणि रोप पिवळं पडतं.

गुलाबी बोंडअळी विसरून चालणार नाही. फरदड न घेता डिसेंबर-जानेवारीत पीक मोडा. न उमललेल्या कवड्या बोंडांसकट पऱ्हाटीचे ढीग बांधावर उन्हाळाभर पडून राहिले तर अळी तिथेच सुप्त बसते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच रानात उतरते. कारखाना ‘मार्चमध्ये उचलू’ म्हणत असेल तर ते चालवून घेऊ नका. कुट्टी शेतातच आणि लगेच झाली पाहिजे. त्यात वाहतुकीचाही फायदा आहे, अख्ख्या पऱ्हाटीनं गाडी नुसती फुगते, वजन भरत नाही.

कारखानदारांसाठी दोन ओळी. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की साच्यात वाफ कोंडते, कांडी तडकते किंवा फुटून बाहेर येते. मुळासकट उपटलेल्या मालाची माती झटकली नाही तर राख वाढते, बॉयलरच्या जाळीवर खंगर धरतो आणि साचा लवकर झिजतो.

आणखी एक गोष्ट या हिशेबात कोणी मांडत नाही. शेतमजुरांच्या कितीतरी घरांत चूल आजही पऱ्हाटीवर पेटते. गावची सगळी पऱ्हाटी कारखान्याला गेली तर त्या बाया सरपणासाठी सातपुड्याच्या पायथ्याकडे किंवा नाल्यातल्या बाभळीकडे वळतात. विकताना गावापुरता वाटा मागे ठेवणं हा पर्यावरणाच्याच हिशेबाचा भाग आहे.

प्रश्न : केळीच्या खांबांपासून सीबीजी करता येईल का? आमच्याकडे कापणीनंतर ढीग पडतात.
– यावल

उत्तर : सीबीजी, म्हणजे दाबून भरलेला बायोगॅस, करता येईल, पण जवळच. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दहा टनी गाडी भरली तरी कोरडा भाग टनभरही नसतो आणि त्यातून शंभर किलोच्या आसपासही गॅस मिळणं कठीण. ती गाडी ५० किलोमीटरवरून आणून रिकामी परत पाठवली तर २५ लिटर डिझेल जळतं. दहा-पंधरा किलोमीटरच्या आतला माल, शेण किंवा प्रेसमडसोबत मिसळून, एवढंच परवडतं. तंतूंचे गुंते मिक्सरच्या पात्यांना वळसे घालतात, म्हणून बारीक कुट्टी आवश्यक. खांबातलं पालाश गॅसमध्ये जात नाही, स्लरीत राहतं. ती स्लरी बागेत परत आली नाही तर तुमचं पालाश तुम्ही गाडीत भरून दुसऱ्याला दिलं. प्रकल्प दूर असेल तर खांब सरीतच कापून आच्छादन करा.

प्रश्न : आमच्याकडे दोन घनमीटरचा दीनबंधू गोबरगॅस आहे. उन्हाळ्यात गॅस उरतो, हिवाळ्यात पुरत नाही. उरलेला गॅस सुटला तर काही नुकसान आहे का?
– एक गृहिणी, साक्री

उत्तर : आहे, ताई, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. एक घनमीटर गॅसमध्ये सुमारे ४०० ग्रॅम मिथेन असतो. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो, म्हणजे तो घनमीटर तसाच हवेत गेला तर अकरा किलोचं नुकसान. तोच चुलीवर वापरला तर सिलिंडरचा ४३० ग्रॅम गॅस वाचतो आणि त्याचं उत्सर्जन १.३ किलो. ताळा करून बघा : शंभर भागांतले बारा भाग गळले की सिलिंडर वाचवल्याचा सगळा फायदा फिटला.

दीनबंधूत सगळ्यात मोठी गळती नळीला नसते. गॅस वापरला गेला नाही की घुमटातला दाब वाढतो, शेणकाला बाहेरच्या टाकीत ढकलला जातो आणि मग गॅस बुडबुड्यांच्या रूपानं तिथूनच निघून जातो. बाहेरच्या टाकीत बुडबुडे दिसले तर समजा. उपाय साधा आहे, उन्हाळ्यात शेण कमी घाला. रोजचं ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी हे पूर्ण वापराचं माप आहे; वापर अर्धा असेल तर तीस किलो पुरे, उरलेलं शेण कंपोस्टच्या खड्ड्यात. किंवा जनावरांचं आंबोण, अंघोळीचं पाणी त्यावर तापवून गॅस संपवा. जाळलेला गॅस चालेल, सुटलेला नको.

व्हॉल्व्ह, नळीचे सांधे आणि शेगडीचा जोड महिन्यातून एकदा साबणाच्या फेसानं तपासा. नळीत पाणी साचून ज्योत फडफडत असेल तर पाण्याचा सापळा उघडून रिकामा करा आणि लगेच बंद करा. घुमटावर ओली भेग दिसली तर टाकी रिकामी करून आतूनच गिलावा करावा लागतो. टाकीत एकट्यानं, झाकण उघडल्या उघडल्या कधीही उतरू नये, आत जीव गुदमरतो.

हिवाळ्यात साक्रीकडे रात्री थंड असतात आणि टाकीतला काला २० अंशांखाली गेला की जिवाणू मंदावतात. शेण कालवायला दुपारचं उन्हात तापलेलं पाणी घ्या, घुमटाभोवती कडबा किंवा पाचटाचा थर द्या. बाहेर आलेली स्लरी उन्हात वाळत ठेवू नका, तिच्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. पाटाच्या पाण्यासोबत सरळ पिकाला द्या, नाहीतर पालापाचोळ्यावर ओता.

प्रश्न : ई-२० पेट्रोलनं मोटारसायकलचं ॲव्हरेज कमी झालं. धूर तरी कमी होतो का?
– धुळे

उत्तर : ई-२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, लिटरमागे ऊर्जाच सुमारे पावणेसात टक्क्यांनी कमी असते. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर घट त्याहून कमी राहते. नीती आयोगाच्या अहवालात जुन्या दुचाक्यांसाठी ३ ते ४ टक्के आणि जुन्या चारचाक्यांसाठी ६ ते ७ टक्के घट दिली आहे. कार्बन मोनॉक्साइड त्याच अहवालाप्रमाणे दुचाकीत निम्म्यावर आणि चारचाकीत ३० टक्क्यांनी उतरतो, न जळलेले हायड्रोकार्बन २० टक्क्यांनी. नायट्रोजनच्या ऑक्साइडबाबत ठोस कल दिसत नाही आणि ॲसिटाल्डिहाइड वाढतं. ॲव्हरेजमध्ये वर दिलेल्याहून जास्त घट येत असेल तर कार्ब्युरेटर, हवेचा फिल्टर आणि टायरची हवा आधी बघा. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर बदलून घ्या. पाणी शिरलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, गाडी सुरू होत नाही आणि टाकी आतून गंजते.

पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांजवळ विहिरी असतील तर हेही जाणून घ्या : ई-२० जमिनीत गळलं तर जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात मातीतला ऑक्सिजन संपतो आणि बेंझीन न कुजता पाण्यासोबत दूरवर जातं. म्हणून गळती शोधण्याची यंत्रणा आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेची आहे.

प्रश्न : गावच्या गायरानात मोगली एरंड लावून बायोडिझेल करण्याचा प्रस्ताव आला आहे. ‘पाणी लागत नाही, पडीक जमीन आहे’ असं सांगतात.
– ग्रामपंचायत सदस्य, धडगाव तालुका

उत्तर : दोन्ही दावे तपासून घ्या. मोगली एरंड पाण्यावाचून जगतो, फळत नाही. कोरडवाहू, हलक्या जमिनीत देशभर जे मळे लागले त्यांतले बहुतेक अपेक्षेच्या कितीतरी खाली राहिले आणि मोडले गेले. पाणी-खत दिलं तर फळतो, पण मग ती जमीन पडीक कुठे राहिली?

गायरान कागदावर पडीक असतं. प्रत्यक्षात तिथे कोणाच्या किती शेळ्या-गाई, कोणते महिने चरतात, सरपण, औषधी आणि गवत किती निघतं, याची घरनिहाय यादी ग्रामसभेत करा. परिणामांचा अभ्यास तिथून सुरू होतो. चराई बंद झाली की ती जनावरं वरच्या जंगलात जातात आणि नुकसान तिकडे सरकतं. मोगली एरंडाचं बी विषारी आहे, लहान मुलांनी खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात, आणि पेंड गुरांना घालता येत नाही, फक्त खताला चालते. झाडंच लावायची असतील तर नाल्याकाठी आणि बांधावर करंज बरा. तो नत्र धरतो, सावली देतो, पेंड खताला उत्तम. मोहाच्या टोळंबीचं तेल मात्र इंधनाला देण्याच्या प्रस्तावाला सरळ नकार द्या. ते तुमच्या घरांतलं खायचं तेल आहे आणि त्याच्या बदल्यात बाजारातून विकत आणावं लागेल ते बहुधा आयात केलेलं पामतेल असेल.